वाऱ्याची वैरीण

नरसम्मामावशीच्या घरात पंखा होता, पण तो फिरत नसे. भिवंडीला दिलेल्या तिच्या एकुलत्या लेकीने, सुजाताने, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तो आणला होता. प्लास्टिकच्या वेष्टणासकट मावशीने तो कोनाड्यात उभा केला आणि त्याच्या मानेला कात्री, दोऱ्याची रिळे आणि एका काडीचा चष्मा अडकवायला सुरुवात केली. कुणा पाहुण्याने विचारलेच तर ती म्हणे, "चालतोय की. पण तो कामाला लागला तर माझं काम उडून जाईल."

विडी वळणारी बाई आणि वारा यांचे वैर जुने आहे. पाने ओल्या गोणपाटात मऊ ठेवावी लागतात. वारा लागून सुकली की वळताना चिरतात. मांडीवरच्या सुपात बारीक तंबाखू असतो; झुळूक आली की तो जमिनीवर. म्हणून सोलापूरच्या उन्हाळ्यातही विडीच्या घराची खिडकी बंद असते. मावशीच्या खिडकीला तर एक जुनी चादर चहूबाजूंनी खिळे ठोकून बसवलेली होती. कुंभारीच्या कामगार वसाहतीत तिचे घर आमच्या समोर. दुपारी गल्लीतल्या बायका आपापली सुपे घेऊन तिच्या बाहेरच्या खोलीत बसत: माझी आई, पलीकडच्या हसीनाबी आणि आणखी दोघीतिघी. शाळेतून आल्यावर मीही तिथेच, दाराजवळच्या कोपऱ्यात, अभ्यासाला बसे.

एकदा मी आत येताना दार सताड उघडे टाकले. बाहेर वावटळ होती. पाच सुपांतला तंबाखू क्षणात खोलीभर झाला आणि सगळ्या बायका माझ्यावर ओरडल्या. मावशी ओरडली नाही. तिने मला शेजारी बसवले, दोघींनी मिळून जमिनीवरचा तंबाखू चिमटीचिमटीने वेचला, आणि वेचता वेचता ती म्हणाली, "वाऱ्याला हात न्हाईत, म्हणून तू दार उघडून देतीस व्हय गं, बिड्डा?"

बिड्डा म्हणजे लेकरू. तिची घरची भाषा तेलुगू, गल्लीतली मराठी, आणि हसीनाबींशी भांडताना दखनी. तिन्ही भाषांत ती एकाच वेगाने बोले. त्या दिवसापासून मात्र दार लावणे माझ्या अंगवळणी पडले. आजही कोणत्याही खोलीत शिरले की माझा हात आधी मागे जातो.

मावशीला जाऊन आता वर्ष होत आले. ती झोपेत गेली, हृदय थांबून. हे आरंभीच नोंदवते, कारण गल्लीत अजून काही जण "त्याच रोगानं गेली" असे कुजबुजतात, आणि ते चूक आहे. तिची फुप्फुसे तेव्हा बरी झालेली होती.

खोलीत बायका जमत त्या मावशीच्या गोष्टीसाठी. गोष्ट एकच होती आणि ती वर्षानुवर्षे चालली होती. एका सावकाराची धाकटी सून सासरहून निघते आणि माहेरी पोचतच नाही. वाटेत नदी, चोर, बोलणारी घार, आंधळा राजा, असे काहीतरी रोज आडवे येई. मावशीने ही गोष्ट तिच्या आज्जीकडून घेतली होती, पण आज्जीच्या गोष्टीत सून फारतर आठवडाभर चालत असावी. मावशीने तिला आमच्या सगळ्या लहानपणभर चालवले. सून कुर्डुवाडीला गाडी चुकली म्हणून रडली, तेव्हा मी चौथीत होते. सावकाराच्या काळात रेल्वे कुठून आली, असे मी विचारल्यावर हसीनाबी म्हणाल्या, "तू गप बैठ गे. वो बोल रई ना, तो है रेल."

तिच्या सांगण्याची एक लय होती. वाक्ये लांब, वळणावळणाची, एकात दुसरे गुंफलेले. आणि वाक्य संपले की सगळ्यांचे दोरे एकदम आवळले जात. पान कापणे, तंबाखू भरणे, वळणे आणि गाठ मारणे हे सारे तिच्या एका वाक्यात बसे. असे कुणी ठरवलेले नव्हते. पाच बायकांचे हात आपोआप तिच्या श्वासावर चालत. आई म्हणे, "नरसम्मा आजारी असली की माझी निम्मी विडी कमी व्हती."

खोकला त्या खोलीत सगळ्यांनाच होता. तंबाखूची बारीक धूळ, जिला त्या खकाणा म्हणत, घशात बसते. त्यावर मावशीचा उपाय गूळ. कमरेच्या पिशवीत गुळाचा खडा सदैव असे. संध्याकाळी सुपे झाडून झाली की ती तो बत्त्याने फोडून प्रत्येकीच्या तळहातावर ठेवी आणि दटावून सांगे, "चावायचा न्हाय. चघळायचा. खकाणा पाय घसरून खाली जातो." शाळेत श्वसनसंस्था शिकल्यावर मी तिला सांगितले की गूळ अन्ननलिकेत जातो आणि धूळ श्वासनलिकेत; दोन्ही वाटा वेगळ्या. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मग तुला नको?" मी हात पुढे केला.

पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून मी परतले, ते सोलापुरात एका प्रयोगशाळेतली तात्पुरती नोकरी घेऊन. डोक्यात पीएच.डी. होती. कुंभारी हा माझ्या दृष्टीने मुक्काम होता, घर नव्हे. तरी सुट्टीच्या दिवशी मी समोरच्या खोलीत जाऊन बसे. सुजाता तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. तिच्या पाठीला उशी, पायाखाली पाट, आणि सगळ्यांच्या मधोमध ती.

मावशीला त्या नातवंडाची एकच गोष्ट हवी होती: न्हाऊ घालणे. आमच्याकडे लेकीच्या बाळाला आज्जी न्हाऊ घालते. पाय लांब पसरायचे, नडग्यांवर बाळ पालथे घालायचे आणि कोमट पाणी ओतायचे. मावशीने त्यासाठी तांब्याचे घंगाळ घासून ठेवले होते आणि स्वतःच्या गुडघ्यांना रोज तेल लावायला घेतले होते. "हितं निजंल त्ये," असे म्हणत ती नडगीवर हात फिरवी. "गुडघा कुरकुरला तर त्याची झोप मोडंल की."

एके संध्याकाळी आई घरी येऊन कुरकुरली, "हल्ली हात लागंना झालाय बघ. दोरा कधी आवळायचा, कळंना."

मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम ऐकत बसले. आईच्या हाताचा दोष नव्हता. मावशीची वाक्ये आखूड झाली होती. सून नदीपाशी आली. थांबली. पाणी बघितलं. प्रत्येक तुकड्यानंतर मावशी श्वास घेत होती, आणि बायकांचे हात अर्ध्या विडीवर थबकत होते. मग मी इतर गोष्टी पाहिल्या. चोळीची बाही दंडावर सैल पडली होती. दुपार कलली की ती शाल ओढून घेई. गुळाचा खडा माझ्या तळहातावर ठेवताना तिची बोटे गरम लागली.

"मावशी, खोकला किती दिवसांचा आहे?"

"विडीची बाई खोकत न्हाय व्हय? खोकणार न्हाय ती विडी वळतच न्हाय, लबाडी करतीया."

"थुंकी तपासून घेऊ या."

"तुझं सायन्स तुझ्या पुण्यात ठेव, बिड्डा. हितं खकाणा हाय."

तिच्या बाजूने पाहिले तर तिचे म्हणणे तर्कशुद्ध होते. कारण डोळ्यांसमोर होते, मांडीवर होते, आयुष्यभर होते. एका आजाराची खूण दुसऱ्या सवयीच्या मागे बेमालूम लपली होती. दोन आठवड्यांहून जुना खोकला, संध्याकाळचा ताप, उतरणारे वजन, रात्रीचा घाम: ही यादी मी पाठ म्हणून दाखवली. तिने प्रत्येक लक्षणाला उत्तर दिले. ताप दमण्याचा, वजन वयाचे, घाम बंद खिडकीचा. तिच्या मनातली खरी भीती मला हसीनाबींनी सांगितली, ओट्यावर, हळूच: "डरती वो. चिट्ठी में वो नाम आया तो बच्चा हात में देते क्या उसकू?"

मग संक्रांतीला गड्ड्याची जत्रा आली. विडीचा कारखाना बंद, म्हणून पाने नाहीत, तंबाखू नाही. सुपे भिंतीला टेकवलेली. बायका सवयीने जमल्या आणि चटणीसाठी शेंगा फोडत बसल्या. खोली पुसून लख्ख केलेली होती. सून जंगलात शिरत होती आणि मावशी खोकत होती.

मी म्हटले, "मावशी, घरात तंबाखूचा कण नाही."

"मग?"

"आई खोकली का? हसीनाबी खोकल्या?"

"मेरेकु कायकु बीच में लाती गे!" हसीनाबी म्हणाल्या, पण बोलता बोलता त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला, जणू तिथला खोकला कुठे गेला ते शोधत होत्या.

मावशी म्हणाली, "जुना असंल. भित्तीत बसलेला."

शेंगा फुटण्याचा आवाज थांबला. मावशीला पुन्हा खोकला आला, आणि तो आवरायला तिने पदर तोंडाशी नेला तेव्हा तिची नजर समोर, सुजाताच्या पोटावर होती. बराच वेळ तशीच राहिली. मग तिने मांडीतल्या शेंगा परातीत ओतल्या आणि उठून पायांत चपला घातल्या.

"कुटं थुंकायचं, ते दाखव."

क्षयच निघाला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या: गोळ्या सहा महिने, एकही दिवस न चुकता, बरे वाटले म्हणून मधेच सोडायच्या नाहीत, सुरुवातीचे दिवस तोंडाला मास्क, झोपणे-बसणे वेगळे आणि उघड्यावर. घरातल्या आणि खोलीतल्या सगळ्यांची तपासणी. मावशीने सारे ऐकले. परतताना रिक्षात ती एकच वाक्य बोलली.

"मला कुणी दिला ते नको विचारू. मी कुणाला दिला, तेवढं सांग."

आणि इथे आमच्या गल्लीने एक चूक केली. बायका दुष्ट नव्हत्या. त्यांनी घाबरून जे सुचले ते केले. मावशीचा पेला वेगळा काढला. तिची कात्री उकळली. गुळाला कुणी हात लावेना. आणि गल्लीत बातमी फुटू नये म्हणून खिडकीवर, त्या जुन्या चादरीवर, आणखी एक चादर ठोकली. दार आतून लावले. मग मावशीला कोपऱ्यात बसवून, वेगळ्या पेल्यात चहा देऊन, सगळ्या त्याच बंद हवेत तिच्यासोबत विड्या वळत बसल्या. तिला एकटे टाकायचे नाही, हाही त्यातला हेतू होता.

मी दार उघडले. तंबाखू उडाला.

"हिला परत वारं लागलं!" आई ओरडली.

"पेल्यातून पसरत नाही हा," मी म्हणाले. "कात्रीतून नाही, गुळातून नाही, हात लावल्याने नाही. हवेतून पसरतो. मावशी खोकली, बोलली, की जे बारीक थेंब उडतात, ते बंद खोलीत कितीतरी वेळ तरंगत राहतात. वारा त्यांना घेऊन जातो. तुम्ही पेला बाहेर काढला आणि रोग आत कोंडला."

"मग काय वाऱ्यावर वळायच्या विड्या?" आई म्हणाली.

प्रश्न योग्य होता. शास्त्राने मला वारा हवा एवढे शिकवले होते. वाऱ्यात सूप कसे धरायचे ते नव्हे. मावशी कोपऱ्यातून उठली. खिडकीपाशी गेली आणि दोन्ही चादरी खिळ्यांसकट ओढून काढल्या. खिडकीतून आत आलेला उजेड मी त्या खोलीत प्रथमच पाहत होते.

"ह्या बाहेर बांधा," ती मास्कमधून म्हणाली. "ओल्या करून. लिंबाला आन् खांबाला. सूप आडोशाला, माणूस उघड्यावर. आन् मी तिकडं, वारं जातंय त्या अंगाला."

तसे झाले. कडुनिंबाखाली ओल्या चादरींचा आडोसा, त्यामागे सुपे. थोडा तंबाखू उडायचा तो उडालाच. पाने अधिक वेळा भिजवावी लागली. कुरकुर तर रोजची. मावशी मात्र सगळ्यांपासून दूर, आपल्या ओट्याच्या टोकाला. सुजाता झोपायला आमच्या घरी आली. गल्लीत जे कळायचे ते कळलेच. एक-दोन घरांनी आडोशाकडे पाठ फिरवली, आणि वसाहतीतल्या दोघी मात्र संध्याकाळी चोरपावलांनी येऊन मला विचारून गेल्या, "ती थुंकी कुटं बघत्यात गं?"

तपासण्यांचे निकाल हाती आले, त्या दिवशी मी ओट्याच्या खालीच उभी राहून सांगितले, "आत्ता कुणालाही नाही. सुजाताला नाही. आईला नाही. हसीनाबींना नाही."

"आत्ता म्हंजी?"

तिच्याशी खोटे बोलता येत नसे. "म्हणजे शिरला असेल तर झोपलेला असेल. म्हणून सुजाताला गोळ्या चालू केल्यात, तो जागा होऊ नये म्हणून. बाकीच्यांवर लक्ष ठेवायचं."

तिने मान हलवली. मग कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढला, ओट्यावर ठेवला आणि स्वतः दोन पावले मागे सरकली. "चालतंय न्हवं? गुळातून जात न्हाय म्हणालीस."

"चालतं."

सगळ्यांच्या आधी हसीनाबी उठल्या. खडा फोडला आणि प्रत्येकीच्या हातावर ठेवला. "चावायचा न्हाय," मावशी लांबून म्हणाली.

गोष्ट मात्र अडली. मास्कमधून सांगून पाहिली, पण पलीकडे पोचेना. "तोंड बांधून सांगितलेली गोष्ट म्हंजी बिनमिठाचं पप्पू," मावशी वैतागून म्हणाली. पप्पू म्हणजे तेलुगू वरण. ती सून जंगलातच राहिली. बायका मुकाट्याने, आपापल्या वेगळ्या वेगाने वळत राहिल्या.

सुजाताला मुलगी झाली. दवाखान्यातून ती आमच्याच घरी आली. न्हाऊ घालायला हसीनाबी बसल्या, आमच्या दारातल्या उन्हात पाय पसरून. आणि समोरच्या ओट्यावर, गल्लीच्या रुंदीएवढ्या अंतरावर, मावशी.

"मान धर, मान! कोंबडी न्हाय ती!"

"मेरेकु नक्को सिखा. चार बच्चे पाले मैं."

"पाणी कानात चाललंय! अय्यो, उजव्या कानात!"

"तेरे कू इत्ते दूर से कान दिखता? चष्मे की एक काडी नै, और कान दिखता!"

रोज हेच. सगळे हसत, मावशीही हसे. पण तिचे दोन्ही पाय ओट्यावर पसरलेले असत, नडग्या जुळवून, जणू त्यांवर काही ठेवलेले आहे. न्हाणे उरकून बाळ आत गेले की ती ते सावकाश दुमडून घेई.

काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता तिच्यापासून धोका राहिलेला नाही, बाळाला घेऊ शकते. मी धावत सांगायला आले. मावशी म्हणाली, "थुंकी परत बघणार हायत न्हवं? ती बघू दे." मी शास्त्राचा हवाला दिला. तिने माझ्याकडे असे पाहिले, की मी थांबले. "तुझं शास्त्र बरोबर हाय, बिड्डा. पण माझं मन अजून खोकतंय."

पुढची तपासणी निर्मळ आली, तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. तिने बाळाला पहिल्यांदा कसे घेतले, ते मी पाहिले नाही. आईला विचारले तर आई एवढेच म्हणाली, "घेतलं की. लई वेळ घेतलं."

उन्हाळ्याच्या अखेरीस मला बंगळुरूला पीएच.डी.ची जागा मिळाली. निघायच्या सकाळी, रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी असताना, मी निरोप घ्यायला समोर गेले. बाहेरच्या खोलीतल्या मोरीपाशी मावशी पाय पसरून बसली होती. नडग्यांवर ते तेलाने चकाकणारे बाळ पालथे. सुजाता घंगाळातून तांब्या भरून देत होती. उघड्या खिडकीतून ऊन थेट मावशीच्या पाठीवर आले होते, आणि कोनाडा रिकामा होता. पंखा खाली जमिनीवर, वेष्टणाशिवाय, कात्रीबित्री काढून ठेवलेला. हसीनाबी उंबऱ्यावर बसून सूचना देत होत्या, "सर पकड गे, सर!"

मी आत पाऊल टाकले आणि सवयीने हात मागे नेऊन दार लोटले.

मावशीने मान वर केली नाही. तिचा तळवा बाळाच्या पाठीवरून फिरत होता.

"उघड की ते, बिड्डा," ती म्हणाली. "वाऱ्याला कुटं हात हायत?"

मी दार उघडले, वाकून तिच्या पायांना हात लावला, आणि तिने ओल्या हाताने माझ्या गालाला चिमटा काढला. बोलायला तिला सवड नव्हती. ती बाळाला गोष्ट सांगत होती. सावकाराची सून जंगलातून बाहेर पडली होती आणि तिला लांबवर एक गाव दिसले होते, ज्या गावाच्या वेशीवर चिंच होती, ज्या चिंचेखाली एक म्हातारी बसली होती, जी म्हातारी वाट बघत होती त्या लेकीची, जी... मी चपला घातल्या. गल्ली ओलांडली. आईने दह्याची वाटी हातावर ठेवली, ती संपवली, रिक्षात बसले. उघड्या दारातून आवाज अजून येत होता, आणि ते वाक्य संपलेले नव्हते.